कल्लोळाचे व्याकरण – लेखांक अकरावा : गाळलेला चौथा, दुर्मिळ दुसरा

मागील लेखांकात ‘मेर्झबाउ’ या नावाने तोक्योचे मासामी आकिता यांनी एकहाती चालविलेल्या उद्योगाचा आणि २००० साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पन्नास तबकड्यांच्या पेटाऱ्याचा परामर्श घेतल्यानंतर, जपानी कोलाहलसंगीत म्हणजे विपुलतेचा, किंबहुना अतिरेकाचाच एक संप्रदाय आहे, असा ग्रह वाचकांच्या मनात उत्पन्न झाला असल्यास त्यात नवल नाही. प्रस्तुत लेखांकाचा विषय म्हणूनच हेतुतः उलट टोकाचा निवडला आहे. १९९३ ते २००९ या अवधीत ओसाका शहरातील ‘बोरडम्स’ या वाद्यवृंदाने आपल्या मोठ्या तबकड्यांच्या जोडीला, ‘सुपर रूट्स’ या समाईक नावाखाली, क्रमांक घालून लहान तबकड्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. या मालिकेचा अखेरचा क्रमांक दहा. परंतु एखाद्या संग्राहकाने जन्मभर खटपट केली तरी त्याच्या फडताळात नऊच तबकड्या जमतील, कारण चौथा क्रमांक कधी निघालाच नाही. आणि ज्या नऊ निघाल्या त्यांतील दुसरी अशा आडवाटेने निघाली, की पुढे तिचे नाव सर्वांना ठाऊक आणि प्रत्यक्ष वस्तू मात्र थोडक्यांच्या हाती, अशी स्थिती झाली. या अपूर्ण मालिकेकडे पाहताना माझे मत असे झाले आहे, की या वाद्यवृंदाचा खरा इतिहास त्याच्या गाजलेल्या मोठ्या तबकड्यांत नसून या किरकोळ सदरात टाकलेल्या तबकड्यांत आहे. आणि ते मत का झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

‘लहान तबकडी’ हा शब्दप्रयोग मात्र येथे जपून वापरला पाहिजे. ज्यांच्या घरी एके काळी रेकॉर्ड-प्लेअर होता त्यांना एल.पी. आणि ई.पी. यांतील भेद सांगावयास नको. कोलंबिया कंपनीने १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची मोठी तबकडी आणली, आरसीए कंपनीने दुसऱ्याच वर्षी पंचेचाळीस फेऱ्यांच्या सात इंची तबकडीने तिला उत्तर दिले, आणि पुढे त्याच सात इंचांत दोनांऐवजी चार गीते दाटीने बसविण्याची युक्ती निघाली, तीच ई.पी.; आपल्या भावगीतांच्या चार-चार गीतांच्या ज्या तबकड्या घरोघर वाजत त्या याच कुळातल्या. त्याही अगोदर, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीने तीन-साडेतीन मिनिटांची मुदत घातल्यामुळे आमच्या ख्यालगायकांना विलंबिताचा सारा पसारा आवरून थोडक्यात रागाची मूर्ती उभी करण्याची विद्या शिकावी लागली होती. तात्पर्य, तबकडीच्या मापाने संगीताला वळण लागते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. परंतु १९८२ साली जपानात सीडी विक्रीस आली आणि हे मापच नाहीसे झाले. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर चौहत्तर मिनिटे मावतात, आणि त्याच चकतीवर कोणी दहा मिनिटेच भरली तरी बाहेरून ओळखू येत नाही. ई.पी. हे नाव राहिले, परंतु ते आता आकाराचे नाव न राहता दर्जाचे झाले: कोणती तबकडी मोठी आणि कोणती किरकोळ, हे तिच्या मिनिटांवरून नव्हे, तर कंपनीच्या खतावणीत ती कोणत्या सदराखाली मांडली जाते, जाहिरातीवर किती खर्च मंजूर होतो आणि करारनाम्यातील संख्येत ती धरली जाते की नाही, यांवरून ठरू लागले. बोरडम्सने जी गंमत केली ती या फटीतच केली.

ओसाका हे जपानातील व्यापाऱ्यांचे जुने शहर. तोक्यो ही सत्तेची, शिस्तीची आणि प्रकाशनसंस्थांच्या कचेऱ्यांची नगरी. ओसाका ही पेढ्यांची, खाणावळींची आणि विनोदी नटांची. दोघा नटांनी प्रेक्षकांसमोर उभे राहून चढत्या लयीत एकमेकांची टर उडवावयाची ‘मान्झाई’ ही कला येथेच भरभराटली, आणि ओसाकाच्या कोलाहलवाद्यांच्या अंगी तोक्योच्या त्यांच्या समानधर्म्यांपेक्षा जो अधिक खोडकरपणा आढळतो त्याचे मूळ काही अंशी तरी या हवेत असावे असे मला वाटते. याच परिसरात १९७० चे जागतिक प्रदर्शन भरले असता जर्मन मंडपातील गोलाकार सभागृहात कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचे संगीत कित्येक महिने रोज वाजत होते, हे या लेखमालेच्या वाचकांना स्मरत असेलच; आणि १९७९ साली कन्साई प्रांतातील बंडखोर वाद्यवृंदांनी तोक्योवर जी स्वारी केली तिचाही वृत्तान्त पूर्वी येऊन गेला आहे. त्यानंतरच्या पिढीतला हा वाद्यवृंद.

त्याचा सूत्रधार यामात्सुका आय. पुढे ते यामान्ताका आय झाले, आणि नाव बदलण्याची त्यांची हौस तेथेही थांबली नाही. १९६४ साली कोबे येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी बोरडम्सच्या पूर्वी ‘हानाताराश’ नावाचे एक प्रकरण चालविले होते, त्याला संगीत म्हणावे की दंगल म्हणावी हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. १९८५ च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या सुपरलॉफ्ट सभागृहात आय यांनी जमीन खणण्याचे यंत्र भिंत फोडून आत घातले. प्रेक्षकांकडून, इजा झाल्यास तक्रार नाही, असे आगाऊ लिहून घेतले होते असे सांगतात. नुकसानीचा आकडा सहा लाख येन सांगितला जातो. आणि पेटत्या बाटलीचा प्रयोग होण्यापूर्वी उपस्थितांनी त्यांना आवरले म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. त्यानंतर काही काळ त्यांना सभागृहे मिळेनाशी झाली, यात सभागृहांच्या चालकांना दोष देता येणार नाही. या प्रकाराचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात कलेपेक्षा वयाचा भाग अधिक दिसतो. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित झाली, ती ही, की विध्वंसाच्या वाटेने याच्या पुढे जाण्यासारखे काही उरले नाही, आणि ज्याला पुढे जावयाचे होते त्याला दुसरी वाट शोधणे प्राप्त झाले.

ती दुसरी वाट म्हणजे १९८६ साली स्थापन झालेला बोरडम्स. हे नाव मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाच्या ‘बोरडम’ या गीतावरून घेतलेले; आणि ते गीत १९७७ च्या प्रारंभी पदरच्या व उसनवारीच्या पैशांतून काढलेल्या एका चार गीतांच्या ई.पी.वर होते, म्हणजे नावाचा उगमही लहान तबकडीतच. वाद्यवृंदाची स्वतःची पहिली प्रकाशित तबकडी १९८६ सालचीच, आणि तीही लहान. तिचे नाव या साप्ताहिकाच्या संपादकांना छापणे रुचणार नाही, तेव्हा ते वाचकांनी अन्यत्र शोधावे. गिटारवर सेईची यामामोतो, बासवर हिरा, तालवाद्यांवर योशिमी ही तरुणी व आटारी हे वादक, आणि आय यांच्या जोडीला आरोळ्या ठोकण्यासाठी तोयोहितो योशिकावा, असा साधारण संच जमला. आरंभीच्या त्यांच्या रचना दीड-दोन मिनिटांच्या. त्यांत लय धरावी तोच ती मोडावी, गिटारीने एखादी ओळखीची चाल सुरू करावी आणि चौथ्या मात्रेला सर्वांनी एकदम थांबून खाकरावे, शिंकावे, किंचाळावे, आणि पुन्हा तीच चाल दुप्पट वेगाने धरावी, असा प्रकार. येथे खंड पाडण्यात कौशल्य आहे. पाच-सहा माणसांनी तंतोतंत एकाच क्षणी थांबणे हे तालमीवाचून साधत नाही, आणि जे वरवर पाहता स्वैर वाटते ते आतून बंदिस्त आहे हे दोन-तीन वेळा ऐकल्यावर ध्यानात येते.

असा वाद्यवृंद मोठ्या कंपनीच्या दप्तरात दाखल व्हावा, हे एरवी घडले नसते. परंतु १९९१ च्या उत्तरार्धात निर्वाणा या अमेरिकन त्रयीच्या ‘नेव्हरमाइंड’ने जी अनपेक्षित विक्री केली तिच्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अधिकारी गोंधळून गेले, आणि कर्कश म्हणून ज्यांना काल दारातूनच परत पाठविले त्यांच्यापैकी कोणाच्या झोळीत उद्याची संपत्ती असेल हे सांगता येत नाही, या भीतीने त्यांनी सरसकट करार करण्यास आरंभ केला. बोरडम्सची ‘पॉप ततारी’ ही तबकडी १९९२ साली वॉर्नर घराण्याच्या जपानी शाखेने काढली, आणि अमेरिकेत ती रिप्राइझ या छापाखाली आली. हा छाप १९६० साली फ्रँक सिनात्रा या मधुर गळ्याच्या गायकाने स्थापन केलेला, हे कळल्यावर हसू आवरत नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात लोलापालूझा या फिरत्या महोत्सवाच्या मुख्य मंचावर, दौऱ्याच्या पूर्वार्धात, रोजचा आरंभ करण्याचे काम बोरडम्सकडे होते, आणि उत्तरार्धात त्यांची जागा घेण्यास आला तो ग्रीन डे हा वाद्यवृंद. म्हणजे कंपन्यांना कोणत्या कर्कशातून द्रव्य मिळावयाचे होते याचा निकाल त्याच मंचावर, त्याच उन्हाळ्यात लागला म्हणावयाचा.

याच सुमारास, म्हणजे १९९३ साली, ‘सुपर रूट्स’चा पहिला अंक निघाला. त्यात अजून जुनीच तुकडेजोड आहे. वाजवून पाहावी, हसावे आणि पुढे जावे.

दुसऱ्या अंकाची कथा सांगण्यापूर्वी जपानी तबकडीबाजाराच्या एका कायद्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण त्यावाचून या दुर्मिळतेचा उलगडा होत नाही. जपानात मक्तेदारीविरोधी कायद्याला १९५३ साली जी दुरुस्ती झाली तिने पुस्तके, वृत्तपत्रे, मासिके यांच्याबरोबर ध्वनिमुद्रिकांनाही एक सवलत दिली: त्यांची किरकोळ विक्रीची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि दुकानदाराने ती उतरवू नये. परदेशातून आयात होणाऱ्या तबकड्यांना हा नियम लागू नव्हता, सबब तीच तबकडी जपानात छापलेली महाग आणि अमेरिकेतून आलेली स्वस्त, असा विपरीत प्रकार दुकानाच्या एकाच फळीवर दिसे. मग जपानी ग्राहकाने देशी प्रत का घ्यावी? या प्रश्नाचे कंपन्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे वरकड: देशी प्रतीत एखादे अधिक गीत, भाषांतरित पदांची पुस्तिका, पाठीवर कागदी पट्टा, आणि प्रसंगी सोबत एक निराळी छोटी तबकडी. किंमत उतरविण्याची मुभा नसल्यामुळे वस्तू वाढविणे एवढाच मार्ग उरला होता. आठ सेंटिमीटर व्यासाची लहान सीडी, जिच्यावर वीसेक मिनिटे मावतात आणि जी जपानात १९८८ पासून लांबट कागदी पाकिटातून विकली जात असे, ती या कामाला सोयीची ठरली.

‘सुपर रूट्स’चा दुसरा अंक, १९९४ चा, या वर्गातला. त्याच वर्षी वाद्यवृंदाची ‘चॉकलेट सिंथेसायझर’ ही मोठी तबकडी निघाली, आणि तिच्या प्रसाराच्या निमित्ताने ही छोटी तबकडी बाहेर पडली. दुकानाच्या फळीवर स्वतःची किंमत लावून ती उभी राहिली नाही. ज्या वस्तूला विक्रीची नोंद नाही तिची मागणीही कंपनीच्या दप्तरात नोंदली जात नाही, आणि ज्या वस्तूची मागणी नोंदलेली नाही ती पुन्हा छापण्याची तजवीज कोणी करीत नाही. दुर्मिळतेचा जन्म बहुधा असा, कारकुनी पायरीवर होतो. पुढे २००७ साली अमेरिकेतील व्हाइस या छापाने पहिला, तिसरा, पाचवा, सहावा, सातवा आणि आठवा असे सहा अंक पुनर्मुद्रित केले तेव्हाही दुसरा त्यांत नव्हता, आणि तेव्हापासून संग्राहकांच्या जगात त्याची प्रतिष्ठा आणखी वाढली. मला या प्रतिष्ठेचे फारसे अप्रूप नाही. जाहिरातीसाठी दिलेली वरकड वस्तू पुढे मूळ वस्तूहून महाग व्हावी, हा बाजाराचा विनोद आहे, संगीताचा निकाल नव्हे. आणि दुर्मिळ म्हणून श्रेष्ठ हे समीकरण एकदा मनात रुजले, की माणूस ऐकण्याचे सोडून मोजू लागतो.

परंतु या छोट्या अंकाच्या दर्जाने वाद्यवृंदाला जी गोष्ट दाखवून दिली ती मोठी होती. किरकोळ सदरातल्या तबकडीला कोणी जाब विचारीत नाही. मोठ्या तबकडीवर कंपनीच्या अपेक्षा, समीक्षकांची तुलना आणि दौऱ्याचे वेळापत्रक यांचे ओझे असते. क्रमांक घातलेल्या या उपशाखेवर त्यांपैकी काहीच नव्हते. मग येथे एकच कल्पना घेऊन तिच्या अंतापर्यंत जाऊन पाहावयास कोणाची हरकत?

१९९४ सालचाच तिसरा अंक हे त्याचे पहिले उत्तर. त्यावर एकच रचना आहे, तिचे नाव ‘हार्ड ट्रान्स अवे’, उपनाव ‘कराओके ऑफ कॉसमॉस’, आणि तिची लांबी सुमारे तेहतीस मिनिटे. एका जलद, आडदांड, कोणत्याही नवशिक्या गिटारवादकाला वाजविता यावी अशा चालीने प्रारंभ होतो, आणि श्रोता सवयीने ती मोडण्याची वाट पाहू लागतो, कारण आजवर हा वाद्यवृंद चौथ्या मात्रेला चाल मोडीत आला होता. ती मोडत नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली. तीच गती, तोच आघात. ज्यांची सारी ख्याती खंड पाडण्यावर उभी होती त्यांनी खंडच वर्ज्य केला. प्रथम कंटाळा येतो, मग चीड येते, आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास एक चमत्कारिक पालट होतो: वाद्ये वाजवीत असलेली माणसे थकत चालली आहेत, हातांचे बळ कमीअधिक होते आहे, आघात क्वचित केसभर मागे पडून पुन्हा सावरला जातो आहे, हे कानाला स्पष्ट कळू लागते, आणि मग श्रोता चालीकडे नव्हे तर श्रमाकडे लक्ष देऊ लागतो. यंत्राने तीच चाल तेवढाच वेळ वाजविली असती तर हे झाले नसते. लहान तबकडीचे हे अर्ध्या तासाचे धाडस मोठ्या तबकडीवर कोणी करू दिले असते असे मला वाटत नाही.

पुढचा क्रमांक चौथा यावयाचा, तो आला नाही. १९९५ साली एकदम पाचवा आला. जपानीत चार या आकड्याचा एक उच्चार मृत्युवाचक शब्दाशी जुळतो आणि म्हणून तेथील कित्येक रुग्णालयांत व हॉटेलांत चार क्रमांकाची खोली नसते, हे प्रसिद्ध आहे. गाळलेल्या अंकाचे कारणही सामान्यतः हेच सांगितले जाते. एके काळी जगातले सर्व संकेत पायदळी तुडविणाऱ्या मंडळींनी हा एक संकेत निमूटपणे पाळावा, यात मला विसंगती वाटत नाही. संकेत मोडण्यात जो आनंद आहे त्याची खरी जाण संकेतांचा धाक बाळगणाऱ्यालाच असते.

पाचवा अंक ही माझ्या मते या वाद्यवृंदाची थोर कृती. ‘गो’ या एकाक्षरी नावाची एकच रचना, आणि तिची लांबी सुमारे चौसष्ट मिनिटे. किरकोळ सदरातली ही तबकडी वाद्यवृंदाच्या काही मोठ्या म्हणविणाऱ्या तबकड्यांहून लांब आहे, आणि ज्याला ई.पी. म्हणावयाचे त्याची व्याख्या येथे पुरती कोलमडते. एक आरोळी होते, आणि पाठोपाठ झांजा, गिटारी आणि विजेची सारी उपकरणे मिळून एक प्रचंड नाद सुरू होतो, तो पुढे तासभर टिकून राहतो. चाल नाही, ठेका नाही. पहिल्या दहा मिनिटांत सामान्य श्रोता हे दुकानात परत देण्याचा विचार करील.

आता येथे थोडे ध्वनिशास्त्र आले पाहिजे. ताणलेल्या तारेचा कंप हा एका मूळ स्वराचा आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येच्या उपस्वरांचा बनलेला असतो, म्हणून तो कानाला एकजीव वाटतो. झांजेसारख्या धातूच्या पत्र्याचे तसे नाही. तिच्या कंपांच्या संख्या अशा सरळ पटीत नसतात, त्या एकमेकींना न जुळणाऱ्या आणि अतिशय दाट असतात, सबब झांजेतून निश्चित स्वर ऐकू न येता चकाकणारा एक लोट ऐकू येतो. उलट गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकातून त्याच्या ताकदीपलीकडे लोटला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर बळावून वर येतात. शिवाय दोन स्वर एकत्र छाटले गेले, तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे असे तिसरे-चौथे स्वरही निर्माण होतात. आता एक तासभर दोन्ही एकत्र चालू ठेवा. कानाचा धर्म असा, की जे बदलत नाही त्याची तो दखल घेईनासा होतो आणि जे किंचित बदलते तेवढ्यावरच खिळतो. त्यामुळे अर्ध्या तासानंतर त्या नादाच्या पोटात हालचाली ऐकू येऊ लागतात, ज्या कोणी एका वादकाने वाजविलेल्या नाहीत.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, ती कोणीही गांधारात मिळविलेली नसताना, उमटणारा स्वयंभू गांधार ज्यांनी मन लावून ऐकला आहे त्यांना हा अनुभव परका वाटू नये. तेथे जवारी आणि रेशमाचा दोरा जे काम नाजूकपणे करतात ते येथे दांडगाईने होते, एवढाच भेद. ही तुलना केवळ अलंकारिकही नाही. पाश्चात्त्य प्रयोगशील संगीतात अखंड नादाची जी आवड रुजली तिचा एक धागा ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली या अमेरिकन रचनाकारांकडे जातो, आणि ते दोघेही पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द, म्हणजे किराणा घराण्याचे, ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन स्थायिक झाले. एवढ्यावरून ओसाकाच्या मंडळींना मिरजेचे वारसदार ठरविणे हास्यास्पद होईल, आणि तसा दावा मी करीत नाही. जर्मन रॉक, अमेरिकन पंक आणि आणखी दहा ठिकाणचे पाणी त्यांच्या विहिरीत आले आहे. अखंड नाद ऐकण्याची रीत आपल्या कानांना उपजत असल्यामुळे मराठी श्रोत्याला या तबकडीत शिरण्याचा मार्ग कदाचित न्यूयॉर्कच्या श्रोत्यापेक्षा सोपा जावा, इतकेच मला म्हणावयाचे आहे.

सहावा अंक, १९९६ चा, मला नीरस वाटतो. रचनांना नावांऐवजी आकडे दिले आहेत, आणि ऐकल्यावर आकडेच स्मरणात राहतात.

सातवा, १९९८ चा, मात्र सर्वांत प्रसन्न. लीड्सच्या मेकॉन्स या वाद्यवृंदाचे ‘व्हेअर वेअर यू?’ हे १९७८ चे छोटेखानी गीत. त्यातली गिटारीची दोन-अडीच स्वरांची ओबडधोबड चाल बोरडम्सने उचलली आणि सरळ, न थबकणाऱ्या ठेक्यावर वीस मिनिटे धावू दिली. तिसऱ्या अंकातील हट्ट आणि पाचव्यातील नादाचा लोट हे दोन्ही येथे पचनी पडलेले दिसतात: चाल तीच राहते, पण तिच्याभोवती यंत्रांचे आणि झांजांचे आवाज उसळत जातात आणि श्रोत्याच्या अंगात एक हलकेपणा येतो. याच वर्षी ‘सुपर ए’ आणि पुढच्या वर्षी ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ या मोठ्या तबकड्या निघाल्या, ज्यांच्यामुळे वाद्यवृंदाची कीर्ती जगभर झाली आणि समीक्षकांनी, गोंगाट करणारे हे लोक एकाएकी सूर्योपासक कसे झाले, असे आश्चर्य व्यक्त केले. एकाएकी काहीच झाले नव्हते. ज्यांनी किरकोळ सदरातला तिसरा, पाचवा आणि सातवा अंक क्रमाने ऐकला होता त्यांना तो मार्ग पायरीपायरीने दिसत होता. समीक्षकांनी खतावणीचे चुकीचे पान उघडले होते, इतकेच.

आठव्या अंकात (१९९९) ओसामु तेझुका यांच्या ‘जंगल ताइतेइ’ या पांढऱ्या सिंहाच्या चित्रमालिकेचे शीर्षकसंगीत आहे, मूळ स्वररचना इसाओ तोमिता यांची. १९६५ साली दूरचित्रवाणीवर ही रंगीत मालिका सुरू झाली तेव्हा आय जेमतेम वर्षभराचे होते. येथे कोलाहल फारसा नाही, नुसता उत्साह आहे. आणि ज्या माणसाने खणण्याचे यंत्र सभागृहात घातले त्याने चौदा वर्षांनी लहान मुलांच्या सिंहाचे गाणे ढोल बडवीत म्हणावे, हा प्रवास मला त्या यंत्रापेक्षा अधिक धाडसाचा वाटतो.

त्यानंतर यामामोतो बाहेर पडले, गिटारी मागे हटल्या, आणि आय यांच्याभोवती तीन तालवादक बसू लागले. नववा अंक २००७ साली आला. त्यातील वादन २००४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येचे, समूहगायकांसह. गायकवृंदाचे लांब स्वर आणि तीन तालवाद्यांचा कडकडाट एकमेकांवर कुरघोडी न करता शेजारी शेजारी चालतात, हे कसब जुन्या बोरडम्सला साधले नसते. दहावा अंक २००९ चा. तो इतरांनी केलेल्या रूपांतरांनी बराचसा भरला आहे आणि नववा ऐकल्यावर त्याची गरज भासत नाही.

ज्या वाचकांना ही मालिका ऐकावयाची आहे त्यांनी क्रमाने जाऊ नये. सातव्यापासून आरंभ करावा, मग नववा घ्यावा. तिसरा शेजाऱ्यांची संमती काढून वाजवावा. आणि पाचव्यासाठी सुट्टीची सकाळ राखून, पहिली दहा मिनिटे कितीही जड गेली तरी उठू नये. दुसऱ्याच्या मागे लागून पैसा खर्च करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी तोच पैसा पहिल्या आठांपैकी मिळतील त्या पाच-सहांवर खर्च करण्याचा सल्ला देईन. २००७ च्या जुलै महिन्याच्या सातव्या तारखेस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात नदीकाठच्या बागेत सत्त्याहत्तर तालवादकांना सर्पिलाकार बसवून आय यांनी जो प्रयोग केला, तो कोणत्याही लहानमोठ्या तबकडीत मावणारा नव्हता; त्याचा वृत्तान्त पुढील लेखांकात देऊ.